खवले मोजणारा माणूस

(रानावनांत हिंडून प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांविषयी आपण वाचतो. संग्रहालयात बसून अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञही असतात. त्यांचे काम कसे असते आणि त्याचा आपल्या जीवनाशी काय संबंध असतो, हे या पाठात एका शास्त्रज्ञाच्या जीवनकथेतून सांगितले आहे.)

मुलांनो, पावसाळ्याचे दिवस आठवा. वस्तीतल्या एखाद्या घराच्या मोरीजवळ साप दिसतो. "साप! साप!" अशी ओरड होते. पाच मिनिटांत गर्दी जमते. काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे पाहून कोणी म्हणते, "मण्यार आहे, फार विषारी!" कोणी काठी आणते. घाव पडतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मग एखादा जाणकार माणूस येतो, तो मेलेला साप नीट पाहतो आणि हळहळतो, "अरे, हा तर कवड्या! बिचारा पाली खाऊन जगणारा, बिनविषारी साप."

मण्यार आणि कवड्या दिसायला सारखे, पण एकाच्या दंशाने माणूस मरतो आणि दुसऱ्याच्या दंशाने काही होत नाही. मग त्यांना ओळखायचे कसे? मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट असतात. कवड्याचे बहुधा याच्या उलट असते. परंतु रंग फसवा असतो. खात्रीची खूण खवल्यांत आहे. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, सहा कोनी खवल्यांची एक रांग डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली असते. कवड्याच्या पाठीवर अशी मोठ्या खवल्यांची रांग नसते. शिवाय अंगाच्या मध्यावर आडव्या ओळीत खवले मोजले, तर मण्यारीचे बहुधा १५ भरतात आणि कवड्याचे १७.

जिवंत सापाजवळ जाऊन हे खवले मोजण्याचा प्रयत्न तुम्ही कधीही करू नका. साप दिसला तर दूर उभे राहावे, मोठ्या माणसांना सांगावे आणि सर्पमित्राला बोलवावे. साप चावलाच तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

आता एक प्रश्न मनात येतो. पंधरा आणि सतरा हे आकडे पुस्तकांत आले कुठून? कोणीतरी एका खोलीत दिव्याखाली बसून, बरणीतला एकेक साप बाहेर काढून, भिंग घेऊन ते मोजलेले असतात. एक साप मोजून भागत नाही, शेकडो मोजावे लागतात. जगातल्या अनेक संग्रहालयांत अनेक माणसांनी हे काम केले. त्यांपैकी एकाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव लेओनार्ड स्टाइनेगर.

बंदरावरचा मुलगा

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गेन नावाचे जुने बंदर आहे. तिथे एका व्यापाऱ्याच्या घरी ३० ऑक्टोबर १८५१ रोजी लेओनार्डचा जन्म झाला. लहानपणापासून त्याला पक्ष्यांचा नाद होता. हा नाद वयाबरोबर सुटला नाही, उलट वाढला. १८७३ मध्ये, म्हणजे अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्याने नॉर्वेतील पक्षी ओळखण्यासाठी एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले.

पण पक्षी पाहून पोट भरत नाही, असे तेव्हाही लोकांना वाटत असे. लेओनार्डने कायद्याचा अभ्यास केला आणि १८७५ मध्ये पदवी मिळवली. पुढे तो वडिलांच्या व्यापारात शिरला. थोड्याच वर्षांत व्यापार बुडाला. तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या तरुणाजवळ कायद्याची पदवी होती, बुडालेला धंदा होता आणि पक्ष्यांविषयीचे ज्ञान होते. त्याने तिसरी गोष्ट निवडली. १८८१ मध्ये समुद्र ओलांडून तो अमेरिकेला गेला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दाखल झाला.

स्मिथसोनियन ही फार मोठी संस्था आहे. तिची स्थापना १८४६ मध्ये झाली. तिच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या काळी दूरदूरच्या देशांतून प्राण्यांचे नमुने येत होते. संस्थेचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड हे स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होते आणि पक्ष्यांचा विभाग रॉबर्ट रिजवे हे नामवंत पक्षिशास्त्रज्ञ सांभाळत होते. अशा माणसांच्या सहवासात स्टाइनेगर कामाला लागले.

चिठ्ठीचे मोल

संग्रहालयाला आपण उर्दूत अजायबघर म्हणतो. तिथे काचेच्या कपाटांत अजब वस्तू मांडलेल्या असतात, म्हणून ते अजायबघर. पण प्राणिशास्त्रज्ञाचे खरे अजायबघर या कपाटांच्या मागे असते. तिथे लोकांना सहसा प्रवेश नसतो. लांबच लांब खोल्या, त्यांत उंच कपाटे, कपाटांत खण आणि खणांत ओळीने निजवलेले पक्षी! ते जिवंत पक्ष्यांसारखे फांदीवर बसवलेले नसतात. पक्ष्याचे कातडे पिसांसकट अलगद सोलतात, त्याला आतून औषध लावतात, आत कापूस भरतात आणि टाके घालून त्याला उताणे ठेवतात. किडीपासून जपण्यासाठी त्या काळी सोमल हे जहाल विष वापरत. साप, सरडे, बेडूक यांचे नमुने मात्र मद्यार्काने भरलेल्या बरण्यांत ठेवतात.

प्रत्येक नमुन्याच्या पायाला किंवा अंगाला एक चिठ्ठी बांधलेली असते. हा प्राणी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, नर आहे की मादी आणि तो कोणी आणला, एवढेच तिच्यावर लिहितात. नमुना, तारीख, कागद हे शब्द तुम्हांला घरूनच माहीत आहेत. उर्दूप्रमाणे मराठीतही ते रोज वापरले जातात. संग्रहालयाचा सारा कारभार या तीन शब्दांवर चालतो. चिठ्ठी हरवली तर सुंदरातला सुंदर नमुनाही शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तो शोभेचा पक्षी उरतो, पुरावा राहत नाही.

स्टाइनेगर कायदा शिकले होते. पुरावा म्हणजे काय, साक्ष कशी तपासावी, हे त्यांना ठाऊक होते. ते शिक्षण वाया गेले असे कोणाला वाटले असेल, तर पुढची हकिकत ऐका.

बेरिंग बेटावर

आशियाच्या ईशान्य टोकाला, कामचटका द्वीपकल्पाच्या पूर्वेला, कमांडर बेटे आहेत. थंडी, धुके आणि वारा यांचा तो मुलूख. त्यांतील मोठ्या बेटाचे नाव बेरिंग. १७४१ मध्ये रशियाच्या मोहिमेवर निघालेले व्हिटस बेरिंग यांचे जहाज इथे किनाऱ्याला लागले आणि फुटले. बेरिंग याच बेटावर मरण पावले. जहाजावर गेओर्ग स्टेलर नावाचे एक जर्मन निसर्ग-अभ्यासक होते. उपासमार, आजारपण आणि थंडी सोसत असतानाही त्यांनी तिथल्या प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली. त्यांत दोन प्राणी असे होते, की ज्यांना जिवंतपणी पाहून त्यांचे वर्णन करणारे स्टेलर हे एकटेच शास्त्रज्ञ ठरले.

पहिला प्राणी म्हणजे प्रचंड मोठी समुद्रगाय. लांबी सुमारे पंचवीस फूट. तोंडात दात नाहीत, स्वभाव गरीब. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ती समुद्रातली वनस्पती खात असे. दुसरा प्राणी म्हणजे एक मोठा पाणकावळा. त्याच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखे कडे असे. स्टेलर यांनी लिहिले आहे, की एका पक्ष्यात तीन भुकेल्या माणसांचे जेवण होई.

१८८२ मध्ये स्मिथसोनियनने स्टाइनेगर यांना याच बेटांवर पाठवले. हवामानाच्या नोंदी ठेवणे आणि प्राण्यांचे नमुने गोळा करणे, ही त्यांची कामगिरी होती. ते तिथे दीड वर्षाच्या आसपास राहिले. स्टेलर यांचे लेखन सोबत घेऊन त्यांनी ती जागान् जागा धुंडाळली. पण समुद्रगाय कुठेच नव्हती. उरली होती ती वाळूत आणि मातीत पुरलेली तिची हाडे. चष्मेवाला पाणकावळाही नव्हता. बेटावरच्या लोकांनी सांगितले, की तो पक्षी दिसेनासा होऊन तीसेक वर्षे झाली. आपण फक्त तीस वर्षे उशिरा आलो, हे ऐकून पक्ष्यांचे वेड असलेल्या त्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना करा. त्यांनी त्या पक्ष्याची हाडे शोधून काढली आणि जपून वॉशिंग्टनला आणली. आज या पक्ष्याची कातडी जगातल्या सर्व संग्रहालयांत मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत.

समुद्रगायीविषयी एक वाद होता. काही वर्षांपूर्वी, १८७९ मध्ये, नॉर्डेन्शोल्ड हे प्रसिद्ध प्रवासी या बेटावर येऊन गेले होते. १८५४ च्या सुमारास आपण एक विचित्र प्राणी पाहिला, असे काही बेटवासीयांनी त्यांना सांगितले. त्यावरून समुद्रगाय तेव्हापर्यंत जिवंत होती, असे त्यांनी लिहिले. स्टाइनेगर यांनी त्या माणसांना पुन्हा गाठले आणि वकील साक्षीदाराला विचारतो तसे बारकाईने विचारले. पाठ कशी होती, शेपटी कशी होती, तो श्वास कसा घेत होता? उत्तरे समुद्रगायीला लागू पडेनात. तो प्राणी बहुधा नारव्हाल जातीच्या देवमाशाची मादी असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. समुद्रगाय त्याआधी कितीतरी वर्षे संपली होती. १७४१ मध्ये माणसाने तिला प्रथम पाहिले आणि १७६८ मध्ये शेवटची मारली. म्हणजे सत्तावीस वर्षांत एक जात नाहीशी झाली.

हे का घडले, याचा विचार स्टाइनेगर यांनी १८८७ मध्ये एका लेखात मांडला. स्टेलर आले तेव्हाच या बेटांवर समुद्रगायी पंधराशेहून कमी उरल्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी शिकाऱ्यांच्या टोळ्या दर हिवाळ्यात तिथे मुक्काम करीत आणि समुद्रगायीच्या मांसावर जगत. शिवाय जखमी होऊन खोल पाण्यात निसटलेल्या गायी मरून फुकट जात. समुद्रगाय कोणा एका क्रूर माणसाने संपवली नाही. "अजून पुष्कळ आहेत" असे समजणाऱ्या पुष्कळ माणसांनी ती संपवली. आपल्या विहिरी, झाडे आणि नद्या यांच्याकडे पाहतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वयाच्या सदतिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत

परत आल्यावर स्टाइनेगर पक्षी-विभागात काम करू लागले. कमांडर बेटांच्या आणि जपानच्या पक्ष्यांवर त्यांनी विस्ताराने लिहिले. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. आणि १८८९ मध्ये त्यांच्यापुढे वेगळेच काम आले. संग्रहालयाच्या सरीसृप-विभागाला प्रमुख हवा होता. सरीसृप म्हणजे साप, सरडे, कासवे, मगरी. ही जबाबदारी स्टाइनेगर यांच्यावर सोपवण्यात आली.

विचार करा, तुम्ही काय केले असते? ज्या विषयात नाव कमावले तो बाजूला ठेवायचा आणि ज्यात आपण नवखे आहोत तो हाती घ्यायचा, हे सोपे नाही. पक्ष्यांत ते पंख, चोच आणि पाय मोजत असत. आता त्यांना खवले मोजायचे होते. पाठीवरच्या ओळी किती, पोटाखालचे रुंद खवले किती, शेपटीखालचे किती, ओठांवरचे किती, डोळ्याला टेकणारे किती? एका सापाची अशी मोजणी संपली, की बरणी बंद करून दुसरी उघडायची. बरणीतल्या सापाचा रंग तर मद्यार्कात उडून गेलेला असतो. म्हणूनच खवल्यांवर विसंबावे लागते. ते कधी उडून जात नाहीत.

तुम्हांला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. स्टाइनेगर यांची मातृभाषा नॉर्वेजियन होती. त्यांचे सगळे मोठे ग्रंथ मात्र इंग्रजीत आहेत. घरी एक भाषा आणि कामात दुसरी, असे आयुष्य त्यांनी काढले. नवी भाषा असो की नवा विषय, रोज थोडे थोडे केले की तो आपला होतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. घरी उर्दू बोलणाऱ्या आणि शाळेत हा मराठीचा पाठ वाचणाऱ्या तुम्हांला यापेक्षा अधिक सांगायला नको.

थोड्याच वर्षांत त्यांनी उत्तर अमेरिकेतील विषारी सापांवर एक मोठा प्रबंध लिहिला. तो १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता साप विषारी, कोणता बिनविषारी, ते कुठे आढळतात आणि त्यांना कसे ओळखावे, हे त्यात सांगितले होते. विषारी साप ओळखणे ही डॉक्टरांचीही गरज असते. आपल्या देशात सर्पदंशावर जे औषध टोचतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार करतात. कोणता साप कोणता, हे आधी कोणी पक्के ठरवले नसते, तर असे औषध तयार करता आले असते का? खवल्यांची मोजणी अशी दवाखान्यापर्यंत पोहोचते.

पुढे १९०० मध्ये ते पोर्तो रिको बेटावर गेले. तिथल्या सरीसृपांवरचे आणि बेडकांवरचे त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये आले. १९०७ मध्ये जपान आणि आसपासच्या प्रदेशांतील साप, सरडे, कासवे आणि बेडूक यांवरचा त्यांचा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांचा सर्वांत नावाजलेला ग्रंथ मानतात.

नावाचा न्याय

एकाच सापाला कोकणात एक नाव, विदर्भात दुसरे, असे तुम्ही ऐकले असेल. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक जातीला एकच लॅटिन धाटणीचे नाव देतात. ते जगभर चालते. पण कधी कधी दोन शास्त्रज्ञ एकमेकांना नकळत एकाच प्राण्याला दोन नावे देतात. मग खरे नाव कोणते? जे आधी छापले गेले ते. हा नियम आहे. ज्याने प्रथम कष्ट केले त्याचा हक्क बुडू नये आणि गोंधळही होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

स्टाइनेगर या नियमाचे कडवे पुरस्कर्ते होते. जुनी पुस्तके चाळून ते पहिले नाव शोधून काढत आणि सर्वांच्या सवयीचे नाव बाजूला सारून ते पहिले नाव वापरत. त्यामुळे काही जण त्यांच्यावर नाराजही होत. सवय मोठी की न्याय, असा तो प्रश्न होता. १९१७ मध्ये थॉमस बार्बर यांच्यासह त्यांनी उत्तर अमेरिकेतील उभयचर आणि सरीसृप यांच्या नावांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्या अभ्यासकांना ती फार उपयोगी पडली.

दुसऱ्यांचे हक्क जपणाऱ्या या माणसाचे नावही प्राण्यांच्या यादीत राहिले आहे. बेरिंग बेटावर त्यांना मिळालेल्या कवटीवरून देवमाशाच्या एका जातीला १८८५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. चीनमधील एका हिरव्या विषारी सापालाही त्यांचे नाव आहे. आपल्या सह्याद्रीत बांबूच्या बेटांत दडून बसणारा चापडा हा त्याच्याच नात्यातला. आपल्याकडे हिवाळ्यात शेताच्या कडेला काटक्यांवर बसणारा गप्पीदास पक्षी तुम्ही पाहिला असेल. पूर्व आशियात राहणाऱ्या त्याच्या एका भाऊबंदाचे नाव स्टाइनेगरचा गप्पीदास असे आहे.

न संपलेली नोकरी

१९११ मध्ये स्टाइनेगर संग्रहालयाच्या जीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. निवृत्तीचे वय आले आणि गेले. सरकारी नियमाप्रमाणे त्यांना घरी बसावे लागले असते. पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यांना या नियमातून सूट मिळाली. ते रोज कामावर येत राहिले.

तरुणपणी ज्यांच्या वाटेने ते बेरिंग बेटावर हिंडले होते, त्या स्टेलर यांना ते विसरले नव्हते. वर्षानुवर्षे माहिती गोळा करून त्यांनी स्टेलर यांचे मोठे चरित्र लिहिले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकाचे वय चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी होते. २८ फेब्रुवारी १९४३ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे वॉशिंग्टनला निधन झाले. संग्रहालयाशी जडलेले त्यांचे नाते साठ वर्षांहून अधिक काळ टिकले.

मारलेल्या पक्ष्यांचा उपयोग काय?

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न केव्हाचा घोळत असेल. पक्षी मारून कपाटात ठेवणे, हे योग्य आहे का? हा प्रश्न विचारणे चूक नाही. तेव्हा दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे चांगले नव्हते. पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची जात ठरवता येत नसे. आज मात्र बरेचसे काम छायाचित्रे, आवाजाचे ध्वनिमुद्रण, गळलेली पिसे आणि रक्ताचा एखादा थेंब यांवर होते. प्राणी मारण्याविरुद्ध कायदेही आहेत. विनाकारण घेतलेला जीव परत देता येत नाही, ही जाणीव शास्त्रज्ञांतही वाढली आहे.

पण जे नमुने जमले आहेत त्यांचे मोल कमी होत नाही. जुने नमुने नवे प्रश्न सोडवतात. ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे एकाएकी कमी होऊ लागले. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहातील जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली. नव्या अंड्यांची कवचे पातळ झालेली होती, म्हणून ती घरट्यातच फुटत होती. याचे कारण डीडीटी हे कीटकनाशक आहे, हे पुढे सिद्ध झाले. ती जुनी अंडी जमवणाऱ्यांनी डीडीटीचे नावही ऐकले नव्हते. त्यांनी फक्त अंडी जपली आणि तारखा लिहून ठेवल्या.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे पक्ष्यांचा मोठा संग्रह आहे. हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) हे डॉ. सालिम अली यांचे नातेवाईक आणि स्वतः जाणते पक्षिशास्त्रज्ञ होते. या संग्रहातील एकेक नमुना तपासून त्यांनी १९६८ पासून अनेक भागांत त्याची सूची प्रसिद्ध केली. ग्रेट निकोबार बेटावरून त्यांनी आणलेली लहान घुबडे या संग्रहात होती. ती माहीत असलेल्या जातीची आहेत, असे समजले जात होते. १९९८ मध्ये पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ती पुन्हा तपासली आणि ही तर एक वेगळीच, शास्त्राला माहीत नसलेली जात आहे, असे दाखवून दिले. नवा पक्षी मुंबईतल्या एका खणात, पायाला चिठ्ठी बांधून, कित्येक वर्षे वाट पाहत पडून होता!

तुम्ही काय कराल?

मुलांनो, संग्रहालयात काम करण्यासाठी जीवशास्त्राचा अभ्यास तर हवाच. पण त्याआधी दोन सवयी लागतात, आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली, नीट पाहण्याची. दुसरी, पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवण्याची. एक वही करा. आज खिडकीत कोणता पक्षी आला, कोणत्या तारखेला आला, किती वाजता आला आणि काय करत होता, ते लिहा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा. अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. वर्षभराने वही उघडाल तेव्हा तुमच्या मोहल्ल्याविषयी कोणत्याही पुस्तकात नसलेली माहिती तिच्यात असेल.

आणि पुढच्या पावसाळ्यात मोरीजवळ साप निघाला, गर्दी जमली आणि कोणी काठी उचलली, तर निदान एक वाक्य बोला : "थांबा, कोणता साप आहे, हे आधी जाणकाराला विचारू या." एवढ्याने कदाचित एक निरुपद्रवी जीव वाचेल आणि सापावर चालून जाणारा माणूसही वाचेल.

शब्दार्थ

नाद – छंद, आवड
आतबाहेर – सुमारे, जवळपास
सोमल – एक जहाल विष, संखिया
मद्यार्क – नमुने टिकवण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य, स्पिरिट
मुलूख – प्रदेश
निष्कर्ष – विचार करून काढलेले अनुमान
सरीसृप – सरपटणारे प्राणी
उभयचर – पाण्यात आणि जमिनीवर राहणारे प्राणी
कडवा पुरस्कर्ता – एखाद्या मताचा ठाम कैवारी
ताडून पाहणे – शेजारी ठेवून तुलना करणे
निरुपद्रवी – त्रास न देणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टाइनेगर यांचा जन्म कोणत्या शहरात झाला?
(आ) समुद्रगाय काय खात असे?
(इ) नमुन्याच्या चिठ्ठीवर कोणती माहिती लिहितात?
(ई) स्टेलर यांचे चरित्र केव्हा प्रसिद्ध झाले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चिठ्ठी हरवलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी ठरतो.
(आ) बरणीतला साप ओळखताना रंगावर विसंबता येत नाही.
(इ) बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटत होती.

प्र. ३. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) कायद्याच्या शिक्षणाचा स्टाइनेगर यांना बेरिंग बेटावर कसा उपयोग झाला?
(आ) "समुद्रगाय कोणा एका क्रूर माणसाने संपवली नाही." या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) संग्रहालयासाठी प्राणी मारणे योग्य आहे का? तुमचे मत कारणांसह लिहा.

प्र. ४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जिवात जीव येणे, वाया जाणे, सूट मिळणे

प्र. ५. नमुना, तारीख, कागद यांसारखे मराठीत आणि उर्दूत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. प्रत्येक शब्दाचे मराठीतील लिंग लिहा. उर्दूतील लिंग तेच आहे का, ते पाहा.

उपक्रम : आठ दिवस शाळेच्या आवारात दिसणाऱ्या पक्ष्यांची तारीख आणि वेळ यांसह नोंद करा व ती वर्गात वाचून दाखवा.